सोलापुरात बसून भविष्याच्या पत्त्यांचा स्वतःचा डेक काढायचा असेल तर

एका मुलीने विचारलंय, "ताई, मी जुळे सोलापूरला राहते, आर्ट डिप्लोमा झालाय, मला स्वतःच्या चित्रांचा भविष्य सांगायचा पत्त्यांचा डेक काढायचाय. टॅरो करू की ऑरॅकल, किती पत्ते करू, छपाई कशी करायची, आणि मला वाचता येत नाही अजून, तर आधी शिकू का आधी काढू?" तुला तू म्हटलं तर चालेल ना, भाचीच्या वयाची आहेस माझ्या. मी २०११ पासून हे करते, तीन डेक झाले, त्याच्याआधी चादरीच्या कारखान्यांसाठी ग्राफवर डिझाइन भरायचं काम करायचे, त्यामुळे सविस्तरच लिहिते, वेळ काढून वाच.

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण बाकी सगळं त्याच्यावर आहे. दोन्ही एकदम कर. आधी दोन वर्षं दुसऱ्याच्या डेकवर अर्थ पाठ केलेस तर तुझी चित्रं त्या अर्थांची भाषांतरं होतात, आणि नुसती काढत बसलीस तर छान छान पोस्टर होतात जी वाचायला घेतली की तोंड उघडत नाहीत. माझा पहिला डेक तसाच होता. ५४ पत्ते, मोर, कमळ, दिवा, कासव, पोथी, सगळं देखणं, लोक हातात घेऊन "किती सुंदर" म्हणायचे आणि परत ठेवायचे. वाचन तिथेच संपायचं.

हे का होतंय ते मला फार उशिरा कळलं, आणि तुला सांगण्यासारखी माझ्याकडे हीच एक मोठी गोष्ट आहे. चित्रात काहीतरी अर्धवट चाललेलं पाहिजे. कुणीतरी काहीतरी करतंय आणि ते अजून झालेलं नाही. पूर्ण झालेल्या वस्तूबद्दल माणूस बोलत नाही, अर्ध्या कामाबद्दल लगेच बोलतो.

माग असलेला पत्ता सांगते म्हणजे कळेल. पहिल्यांदा मी यंत्रमाग काढला, वर जॅकार्ड म्हणजे नक्षी विणून देणारं यंत्र, खाली अर्धी विणलेली चादर, मोराचं डिझाइन, चार दिवस घालवले त्याच्यावर, आणि ज्यांच्या घरात दोन पिढ्या माग चाललेत ती माणसंसुद्धा बघून म्हणायची "माग आहे". बरं, मग? मग काही नाही. दुसऱ्या डेकला मी सगळा माग काढून टाकला, फक्त ताण्याचे धागे उभे, त्यातला एक तुटून लोंबतोय, आणि एक हात त्याच्याकडे चाललाय, पोचलेला नाही. बस. तोच माणूस आता म्हणतो, "हा लगेच जोडला नाही तर पुढं सगळं खराब जातंय", दुसरी बाई म्हणते "एकच तुटलाय की, चालू दे", तिसऱ्याने विचारलं "मशीन बंद केलीय का नाही आधी? हात जाईल त्याचा". एका पत्त्याला तीन वेगळी माणसं तीन वेगळ्या जागी धरतात, आणि ज्याने जिथे धरलं तिथे त्याचा प्रश्न असतो.

हा काही माझा शोध नाही. आज जगात सगळ्यात जास्त चालणारा टॅरो डेक १९०९ मध्ये लंडनला विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकाने काढला, कल्पना गूढविद्येवर लिहिणाऱ्या आर्थर वेटची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईची. टॅरोत ७८ पत्ते, २२ मोठे आणि ५६ छोटे, छोट्यांत चार रंग, काठ्या, पेले, तलवारी, नाणी. तिच्याआधी बहुतेक डेकांत हे छोटे पत्ते आपल्या रमीच्या पत्त्यांसारखेच, पाच पेले म्हणजे नुसते पाच पेले मांडलेले. तिने प्रत्येकाला प्रसंग दिला. पाच पेल्यांचा पत्ता बघ कधीतरी, काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून उभा, समोर तीन पेले सांडलेत, पाठीमागे दोन उभे आहेत आणि त्याने अजून वळून बघितलेलं नाही. "अजून" हा शब्द चित्रात बसवला तिने, म्हणून शंभर वर्षांनंतरही तो डेक पाठांतर नसलेल्या माणसाला वाचता येतो. आणि या बाईने त्याच वर्षी नोव्हेंबरात छायाचित्रकार स्टिग्लिट्झला पत्रात लिहिलंय की मोठं काम संपवलं, पैसे मात्र फारच थोडे मिळाले. हे मुद्दाम सांगते, पुढे पैशाचं बोलायचंय.

आता टॅरो की ऑरॅकल. टॅरोला ठरलेला सांगाडा असतोय, ७८ म्हणजे ७८. ऑरॅकलला काही नियम नाही, तू म्हणशील तितके. तिसरा एक प्रकार आहे लेनोर्मां, ३६ पत्ते, साध्या वस्तू, जहाज, घर, कोल्हा, पत्र असं, नाव फ्रान्सच्या प्रसिद्ध भविष्यवाल्या बाईचं पण पत्ते आले जर्मनीतल्या न्युरेम्बर्गच्या एका खेळातून. टॅरोसुद्धा मुळात खेळच, पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे, भविष्यासाठी वापर गाजला तो अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये. लोक जे इजिप्तचं प्राचीन ज्ञान वगैरे सांगतात ते १७८१ ला कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकाने छापलेल्या मतापासून चालत आलंय, पुरावा नाही त्याला, तू तुझ्या पुस्तिकेत ते लिहू नकोस.

आणि आपल्याकडे काय कमी आहे का. सावंतवाडीची गंजिफा, गोल पत्ते, दशावताराची असेल तर दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२, म्हणजे १२० पत्ते, तीही खेळायचीच पण चित्रं बघून डोळे निवतात. रामशलाका प्रश्नावली तर घराघरात होती, १५ गुणिले १५ म्हणजे २२५ चौकोन, डोळे मिटून बोट ठेवायचं, तिथून दर नववं अक्षर घेत गेलं की रामचरितमानसातली एक चौपाई तयार होते. एकूण उत्तरं किती? फक्त नऊ. नऊ उत्तरांवर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लग्नं, प्रवास, धंदे ठरवलेत. तेव्हा पत्ते जास्त म्हणजे डेक भारी, हे डोक्यातून काढ. आणि गड्ड्याच्या जत्रेत पोपटवाला बघितला असशील, पोपट पिंजऱ्यातून येतो, चोचीने पाकीट ओढतो. लहानपणी मी पोपटाकडे बघायचे, आता आठवतं ते त्या माणसाचं वाचन, चिठ्ठी उघडायच्या आधी तो समोरच्या बाईला पोराबाळांचं दोन वाक्यं बोलायला लावायचा.

माझा सल्ला, ३६ कर. याला एक अगदी रोकडं कारण आहे ते छपाईत येईल.

विषय कुठून आणायचे तर स्वतःच्या पायाखालून. तुझ्याकडे कंबर तलाव आहे, सिद्धेश्वराचं तळं आहे, भुईकोट किल्ला आहे, नान्नजचं माळरान आणि माळढोक, एसटी स्टँड, कडक भाकरीचा ढीग. फक्त वस्तू म्हणून काढू नकोस, त्यात काम घाल. माझा एक पत्ता सांगते, विड्या वळायचं सूप मांडीवर, पानं कापून ठेवलीत, कात्री बाजूला, आणि बाई मात्र दाराकडे बघतेय. कोण आलंय? ते वाचणारा सांगेल.

देवाच्या चित्राबद्दल थोडं जपून. श्रद्धा आहे म्हणूनच सांगते. सिद्धेश्वराची यात्रा सोडून सोलापूरचा डेक होऊच शकत नाही, पण मी पहिल्या डेकात सिद्धरामेश्वरांचं चित्र टाकलं तेव्हा काय व्हायचं की पत्ता निघाला की समोरचा हात जोडायचा, पत्ता कपाळाला लावायचा आणि गप्प. देवाने कौल दिला, आता मी काय बोलणार. वाचन थांबतंय, वर तो पत्ता उलटा आला तर माणूस घाबरतो, हे फार वाईट. तिसऱ्या डेकला मी नंदीध्वज घेतला, यात्रेत पेलून नेतात ती उंच काठी, तोही पूर्ण नाही. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस कमरेला पट्टा बांधून काठी पेलतोय, डोळे वर टोकाकडे, चेहऱ्यावर घाम, मागे दुसरा माणूस हात पुढे करून तयार, घेऊ का म्हणून. काठी कुणाची, किती वेळ पेलायची, सोडायची कधी आणि कुणाकडे. ज्या घरात म्हाताऱ्या आईवडलांचं करणं एकाच भावावर पडलंय त्या घरातल्या माणसाला हा पत्ता दाखव आणि फक्त गप्प बस. अक्षता सोहळ्याचीही कथा आहेच, कुंभारकन्येने सिद्धरामांशी लग्न करायचं म्हटलं आणि त्यांनी योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. त्याच्यावर मी फक्त मुठीतल्या अक्षता काढल्यात, टाकायच्या आधीच्या.

पत्त्यावर नाव लिहायचं का? माझं मत, नको. नुसता आकडा टाक. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारी भाषा एका गल्लीत आहेत, अशोक चौकाकडच्या तेलुगू आज्ज्या मराठी बोलतात पण वाचता येईलच असं नाही, आणि माझ्या अनुभवात त्याच सगळ्यात चांगल्या वाचतात, कारण त्यांना चित्रच बघावं लागतं. ज्याला नाव वाचता येतं तो "विश्वास" असं वाचून मोकळा होतो, चित्र बघतच नाही. नावं पुस्तिकेत दे.

काढताना दुप्पट मापात काढ, पण रोज एकदा खऱ्या मापाला कमी करून, काळंपांढरं करून, मांडीवर ठेवून बघ. पत्ता भिंतीवर बघायचा नसतो, दोन माणसांच्या मधे जमिनीवर पडलेला असतो, त्या अंतरावरून हात कुठे चाललाय ते दिसलं पाहिजे. ग्राफवर डिझाइन भरताना एक सवय लागली होती मला, एक चौकोन म्हणजे त्या जागी ताण्याचा धागा वर की खाली, मधलं काही नाही, त्याच्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे जॅकार्डवर चढायचे. त्यामुळे नक्षीत गिचमिड चालायचीच नाही, लांबून चादर पसरली की मोर हा मोरच दिसला पाहिजे. पत्त्यालाही तेच. रंग पाच-सहाच घे आणि सगळ्या डेकभर तेच फिरव, पाच पत्ते शेजारी मांडले की एका घरातले वाटले पाहिजेत. आणि स्क्रीनवरच्या भडक गुलाबी आणि पोपटी रंगावर जीव लावू नकोस, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत, केलं की ते मरगळतात, आधीच त्यात बदलून रंग ठरव.

रंग मात्र इतक्यात लावायचे नाहीत. आधी सगळे ३६ पेन्सिलीने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढ आणि कमीत कमी वीस माणसांबरोबर वाच. मावशी, शेजारी, रिक्षावाले, कॉलेजातली पोरं. एक वही ठेव, प्रत्येक पत्त्यासमोर लिही की माणूस काय बोलला, त्याच्याच शब्दात. ज्या पत्त्यावर सगळे एकच बोलतात तो पत्ता सपाट आहे, ज्यावर कुणीच काही बोलत नाही तो मेलेला आहे. तिसऱ्या डेकचे माझे सात पत्ते असे गेले, त्यातला एक मला फार आवडायचा, किल्ल्याच्या बुरुजावरचं रात्रीचं चांदणं, काढून टाकला तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण त्याची जागा घेणाऱ्या पत्त्याने, तळ्यावर कपडे धुताना हातातून निसटलेल्या लुगड्याने, इतकी वाचनं दिली की काय सांगू. आणि ती वही फेकू नकोस, तुझी पुस्तिका तिच्यातनंच निघणार आहे.

आता छपाई. टॅरोचं प्रचलित माप ७० बाय १२० मिलिमीटर, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये जाणारी जादा कड, धरलं तर ७६ बाय १२६. डिजिटल प्रेसची १३ बाय १९ इंची शीट घेतली तर त्यात आडवे चार, उभे तीन, असे बारा पत्ते बसतात. म्हणजे ३६ पत्ते बरोबर तीन शीटमध्ये. ७८ केलेस तर साडेसहा शीट होतात. १२ बाय १८ च्या शीटवर मशीनची पकड, म्हणजे मशीन कागद धरते ती कड, सोडून नऊ-दहाच बसतात, म्हणून प्रेसवाल्याला आधी शीटचं माप विचार, मग फाइल कर.

शंभरच्या आत डेक काढायचे तर डिजिटलच, ऑफसेटला प्लेटचा खर्च आहे तो पाचशे-हजार काढल्याशिवाय वसूल होत नाही. कागद ३०० ते ३५० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट कार्ड चालतंय, लॅमिनेशन मॅट घे, ग्लॉसी पत्ते एकमेकांना चिकटतात आणि ट्यूबलाइट चमकून चित्र दिसत नाही. लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी म्हणजे दोन्हीच. माझ्या दुसऱ्या डेकला इथल्या एका प्रेसने पैसे वाचतील म्हणून फक्त चित्राच्या बाजूने केलं, मी पण हो म्हटलं, आणि मे महिन्यात सगळे पत्ते केळीच्या पानासारखे वळले, साठ डेक परत घ्यावे लागले. सोलापूरचा उन्हाळा आहे हा, कागद दोन्ही बाजूंनी सारखा बांधलेला नसेल तर वाकणारच.

पाठीमागचं डिझाइन असं कर की पत्ता उलटा फिरवला तरी तसंच दिसेल, नाहीतर गठ्ठ्यात बघूनच कळतं कुठला उलटा आहे. आणि पुढे-मागे दोन्हीकडे कडेला बारीक बॉर्डर ठेवू नकोस. पुढची-मागची छपाई एखाद मिलिमीटर सरकतेच, कटिंगला अजून थोडं, आणि बारीक बॉर्डरमध्ये ते लगेच वाकडं दिसतं. कोपरे गोल करून घे, टोकदार कोपरे पिसताना दुमडतात. सगळं ठरलं की आधी एकच डेक छापून घे, महिनाभर वापर, मग पुढची ऑर्डर. बॉक्सचं माप तो गठ्ठा लॅमिनेशनसकट मोजून द्यायचं, अंदाजाने नाही.

दुसऱ्याची चित्रं घ्यायची का असं बरेच जण विचारतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, पामेला १९५१ ला गेली, म्हणजे तिची मूळ चित्रं इथे २०१२ पासून मोकळी आहेत, पण नव्याने रंगवलेल्या आवृत्त्या आणि त्यांची पुस्तकं वेगळी. कायद्याने चालतंय म्हणून कर असं मात्र मी म्हणणार नाही. तुझ्या हातात कला आहे, तर चित्रं तुझ्याच हातची पाहिजेत.

वाचन कसं करायचं. माणूस समोर बसला की आधी प्रश्न त्याच्या तोंडून एका वाक्यात घे. पत्ते त्यालाच पिसू दे. तीन काढायला सांग. उघडल्यावर तू बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे, जीभ शिवशिवते. फक्त विचार, "यात काय चाललंय?" तो सांगेल ते ऐक, आणि मग पुढचा प्रश्न चित्राबद्दलच विचार, त्याच्याबद्दल नको.

एक वाचन सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. साठीच्या पुढची बाई, सगळी हयात विड्या वळण्यात गेलेली, प्रश्न होता पुण्याला मुलाकडे कायमचं राहायला जाऊ का. पहिलाच पत्ता निघाला स्टँडचा, बस उभी, दार उघडं, फलाटावर एक बाई, मांडीवर पिशवी. तिने पत्ता लांब धरला, जवळ आणला.

"ही उतरलीय का चढणार हाय?"

"तुम्हाला काय वाटतंय?"

"उतरलीय. पिशवी बगा की, रिकामी हाय. द्यायचं ते देऊन आलीय."

पिशवी मी चपटी काढली होती ती मांडीवर नीट बसावी म्हणून, रिकामी आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मी एवढंच विचारलं, "मग आता ही कुठं चाललीय?" बराच वेळ गप्प बसली, पदराने पत्ता पुसला, माझा पत्ता स्वच्छच होता, तरी पुसला, आणि म्हणाली "घरी". मग फ्लॅटसाठी दिलेल्या पैशाचं सगळं निघालं. बाकीचे दोन पत्ते आम्ही उघडेच ठेवले, वाचलेच नाहीत. ती गेली का राहिली हे मी नंतर विचारलं नाही, विचारायचं नसतंय.

यात भविष्य कुठे आहे असं कुणी म्हणेल. मी इतक्या वर्षांत बघितलंय की माणसाला पुढचं बरंचसं माहीत असतं, त्याला ते स्वतःच्या तोंडून ऐकायचं धाडस होत नसतं, आणि चित्रातल्या बाईबद्दल बोलताना ते होतं. कुठला पत्ता हातात आला त्याला मी योगायोग म्हणत नाही, पण तुला तसं मानायची सक्ती नाही, तू कशावरही विश्वास ठेवून हे प्रामाणिकपणे करू शकतेस.

काही गोष्टींना मात्र सरळ नाही म्हणायला शिक. आजार बरा होईल का, पोटात मुलगा का मुलगी, कोण कधी जाईल, कोर्टाचा निकाल, आणि मटक्याचा आकडा, हो, आकडा मागायला लोक येतात, पत्त्यावर नंबर आहे म्हटल्यावर तर येतातच. तब्येतीचं असेल तर दवाखान्यात पाठव, पत्ते उघडूच नकोस. चमत्काराने रोग बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. उपाय, तोडगा, खडा, शांत काही विकायचं नाही. ज्या दिवशी पत्ता वाईट निघाल्यावर तुझी कमाई वाढेल त्या दिवशी तुझे पत्ते वाईटच निघायला लागतील.

पैसे आधी सांग, ठरलेले घे, वाचन कसंही होवो तेवढेच. आणि डेकची किंमत लावताना छपाई, बॉक्स यांच्याबरोबर चित्रांचे दिवसही मोज, एका पत्त्याला चार दिवस धरले तर ३६ पत्त्यांचे जवळजवळ पाच महिने होतात, ते फुकट द्यायचे नाहीत. लंडनच्या त्या बाईचं पत्र आठव.

सुरुवात म्हणून पहिले बारा काढ, एका शीटचे. पेन्सिलीने, रंग न लावता, आणि प्रत्येकात एक हात असू दे जो कशाकडे तरी चाललाय. विडीचं सूप नको घेऊ, ते माझं झालंय, तुझ्या घरात तुझी आई काय अर्धवट टाकून फोन घ्यायला उठते ते बघ आणि तिथून सुरू कर. बारा झाले की मला दाखव, मी नवी पेठेत येतेच दर शनिवारी कागद घ्यायला.